शब्दशः

माणसाने शब्दाचा पक्का असावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दिलेल्या शब्दाला जो जागतो तो सज्जन, आणि शब्द फिरवतो तो हलका, याबद्दल आपल्याकडे दुमत नाही. परंतु आपल्या याच मराठीत दुसराही एक वाक्प्रचार आहे : शब्दात पकडणे. 'अहो, मला असे शब्दात पकडू नका,' असे एखादा काकुळतीने म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यांची सहानुभूती पकडणाऱ्याकडे जात नाही, सापडलेल्याकडे जाते. म्हणजे शब्द पाळणारा आपल्याला आवडतो, पण दुसऱ्याच्या शब्दावर बोट ठेवून बसणारा आवडत नाही. हे असे का व्हावे? शब्द जर एवढा मोलाचा, तर त्याचा हिशेब मागणाराला आपण कद्रू का म्हणतो? आणि हिशेब मागणे जर कद्रूपणाचे, तर शब्दाला जागण्यात मोठेपणा तो कोणता?

प्रश्न जुनाच आहे. पण तो आज पुन्हा काढावासा वाटला, याचे कारण असे की, शब्दात पकडण्याचे काम बिनचूक करणारे एक यंत्र अलीकडे आपल्या सर्वांच्या खिशात येऊन बसले आहे. मोबाईलवर वा संगणकावर काही शोधताना आपण नुसते शब्द लिहिले, तर ते यंत्र त्या शब्दांच्या आसपासचे बरेच काही आणून पुढ्यात टाकते. पण तेच शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घालून दिले, की त्याचा स्वभाव पालटतो. मग ते म्हणते : हेच शब्द, याच क्रमाने, एकमेकांना लागून जिथे असतील तेवढेच दाखवीन, बाकीच्याशी मला कर्तव्य नाही.

हे ते कसे साधते, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यात गूढ काही नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अशा जुन्या वाचनालयात बसून ज्यांनी जाडजूड ग्रंथ चाळले आहेत, त्यांना ग्रंथाच्या शेवटची शब्दसूची ठाऊक असते : शब्द, आणि त्याच्यापुढे तो कोणकोणत्या पानांवर आला त्यांचे आकडे. शोधयंत्र हेच करते. फक्त ते एका ग्रंथाची नव्हे, तर आपल्या हाती लागलेल्या सगळ्याच लेखनाची, आणि निवडक नव्हे तर प्रत्येक शब्दाची सूची आधीच करून ठेवते. आपण प्रश्न विचारतो तेव्हा ते काही वाचायला बसत नाही. वाचून झालेले असते. ते फक्त सूची उघडते. म्हणूनच डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर येते.

पण एवढ्याने शब्दांचा क्रम कळत नाही. एका पानावर 'पोलीस' आहे आणि त्याच पानावर 'ठाणे' आहे, एवढे समजले तरी ते दोन शब्द शेजारी आहेत की पानाच्या दोन टोकांना, हे कसे कळावे? म्हणून यंत्र प्रत्येक शब्दापुढे पानाबरोबर त्याची जागाही नोंदवते : कितवा शब्द, पहिला की सत्तरावा. ठाण्यात एका चौकीच्या पाटीवर चार शब्द आहेत : ठाणे नगर पोलीस ठाणे. यंत्राच्या वहीत याची नोंद अशी होईल : 'ठाणे', जागा १ आणि ४, 'नगर', जागा २, 'पोलीस', जागा ३. आता कोणी 'पोलीस ठाणे' हे शब्द अवतरणात घालून विचारले, तर यंत्र 'पोलीस'ची जागा पाहते, तीन. त्यात एक मिळवते, चार. आणि चारवर 'ठाणे' आहे का हे बघते. आहे. जुळले! पण कोणी 'ठाणे पोलीस' असे उलट विचारले, तर? 'ठाणे' एकवर आहे, म्हणजे 'पोलीस' दोनवर हवा. तिथे तर नगर बसले आहे. 'ठाणे' चारवर आहे, म्हणजे 'पोलीस' पाचवर हवा. तिथे कोणीच नाही. सबब, जुळत नाही. चारही शब्द तेच, पाटी तीच. पण एका क्रमाने होकार आणि दुसऱ्याने नकार. आणि हा नकार बरोबरच आहे. कारण 'पोलीस ठाणे' ही इमारत आहे, आणि 'ठाणे पोलीस' म्हणजे त्या शहराचे पोलीस. माणसे वेगळी आणि भिंती वेगळ्या.

डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभे राहणाऱ्याला ही युक्ती नवी वाटायची नाही. अमुक गाडीचा अमुक डबा नेमका कुठे येणार हे त्याला पाठ असते. तो फलाटावरच्या फरशीवर उभा राहतो, आणि दार येऊन त्याच्यापुढे थांबते. त्याच्या उजवीकडे कोण, डावीकडे कोण, हेही ठरलेले. एखादे दिवशी मधलाच माणूस दिसला नाही, तर 'आज काय झाले बुवा?' असे वाटते. यंत्राला असे काही वाटत नाही, एवढाच फरक. पण जागा आणि शेजार यांवरून ओळख पटवायची, ही रीत एकच.

शेजाराचे महत्त्व आणखी एका गोष्टीवरून ध्यानात येते. 'कल्याण' हा एकटा शब्द यंत्राला दिला, तर ते बिचारे गोंधळते. रेल्वेचे कल्याण, समाजकल्याण, 'तुमचे कल्याण होवो' म्हणणारे आशीर्वाद, आणि रात्री गायचा कल्याण राग, सगळे एकाच ढिगात येते. पण 'कल्याण पश्चिम' असे जोडून द्या; सारे आशीर्वाद आणि सारे राग बाजूला होतात आणि गाव उरते. यंत्राला अर्थ कळला असे नव्हे. त्याने फक्त शेजारी पाहिला. माणसांप्रमाणे शब्दाचाही अर्थ पुष्कळदा त्याच्या शेजाऱ्यावरूनच ठरतो. आणि म्हणून शब्द जसेच्या तसे, क्रमाने जपणे हा कधी कधी अर्थ जपण्याचाच मार्ग असतो, हे इथे मान्य केले पाहिजे.

हे त्याचे बळ झाले. आता त्याचे दुबळेपण पाहा. मराठी शब्द जागच्या जागी स्वस्थ बसत नाही. ठाणे हे ठाण्याला, ठाण्यात, ठाण्याहून असे अंग बदलीत असते. अवतरण नसले, तर एखादे हुशार यंत्र शेपट्या कापून मूळ शब्दापर्यंत पोचण्याचा प्रयत्न करते. अवतरण घातले, की तो उदारपणा संपला. 'ठाणे' मागितले तर ठाण्याला जाणारा माणूस त्याला दिसणारच नाही. आपण तर एका 'च'ने जगाची उलथापालथ करतो. 'मी म्हणालो' आणि 'मीच म्हणालो' यांत केवढे अंतर! पहिल्यात साधी माहिती आहे, दुसऱ्यात कबुली आहे किंवा अभिमान आहे. यंत्राच्या लेखी 'मी' आणि 'मीच' हे दोन परके शब्द. बरे, पूर्वीच्या काही यंत्रणा जागा वाचवण्यासाठी 'आणि', 'तर', 'पण' असले वारंवार येणारे शब्द सूचीतून गाळूनच टाकीत. आता 'मी आलो असतो, पण' या वाक्यातला 'पण' गाळला, तर राहिले काय? स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हे तर बहुतेक यंत्रे आजही जमेस धरीत नाहीत. 'शहाणाच आहेस' हे कौतुक की टोमणा, हे लिहिण्यातच उतरत नाही; तिथे यंत्राला दोष देऊन उपयोग नाही.

शिवाय लेखनपद्धतीची भानगड आहेच. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या नियमांनी मराठीतले पुष्कळ अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात 'नांव' आहे, 'कांहीं' आहे. नंतरच्या पुस्तकात 'नाव', 'काही'. आजीच्या पोथीत जे वाक्य आहे, तेच नातवाने आजच्या लेखनात शोधले, तर यंत्र शांतपणे म्हणेल की असे काही आढळले नाही. याहून मौज अशी की, काही अक्षरे कागदावर डोळ्यांना हुबेहूब एक दिसतात आणि यंत्राच्या पोटात दोन असतात. 'ॲ' हे अक्षर एकसंध एका खुणेने साठवता येते, आणि 'अ'वर चंद्र जोडूनही साठवता येते. काही यंत्रणा असे भेद आधी मिटवून घेतात, काही घेत नाहीत. तेव्हा 'सापडले नाही' याचा अर्थ 'नाही' असा करणे धोक्याचे आहे. सापडले नाही याचा अर्थ एवढाच, की तुम्ही विचारलेल्या अक्षरांची ती माळ, यंत्राने पाहिलेल्या लेखनात, त्या रूपात नव्हती.

शब्द जसाच्या तसा जपण्याची ही हौस संगणकाने आणली, असे मात्र कोणी समजू नये. वेदपाठकांनी ती पराकोटीला नेली होती. संहितेतले शब्द सुटे करून म्हणायचे तो पदपाठ. मग क्रमपाठ : पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा, अशा जोड्या. जटापाठात जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट. घनपाठात तर तिसरा शब्दही त्या गुंत्यात ओवला जातो. एवढा खटाटोप कशासाठी? एखादा शब्द निसटला वा जागा सोडून बसला, तर लगेच उघडकीस यावा म्हणून. आजचे तज्ज्ञही काही सूचींत सुटे शब्द न ठेवता शेजारशेजारच्या शब्दांच्या जोड्या साठवतात. क्रमपाठ म्हणणाऱ्या वैदिकाला ती सूची दाखवली असती, तर तो हसून म्हणाला असता, 'हे आम्ही मुखाने करीत होतो!'

आपल्या मराठीतला थोर दाखला एकनाथांचा. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लोकांनी आपापले पाठ घुसडले होते, म्हणून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध करून ठेवली. आणि आपल्या पदरची ओवी यात कोणी घालू नये, अशी ताकीदही दिली. एकनाथ स्वतः केवढे कवी! त्यांना ज्ञानेश्वरीत चार ओव्या घालणे जड नव्हते, आणि त्या वाईटही झाल्या नसत्या. पण ग्रंथ आपला नाही, एवढे कारण त्यांना पुरेसे होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. सुकथनकरांसारख्या विद्वानांची आयुष्ये त्यात गेली. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. आणि एवढ्यावर न थांबता, परशुराम लक्ष्मण वैद्यांच्या संपादकत्वाखाली १९६७ ते १९७२ या काळात श्लोकांच्या चरणांची सूची सहा खंडांत निघाली. एखादा चरण कुठला हे पाहायचे, तर आता भारतभर भटकायला नको; सूची उघडावी आणि अकारविल्हे पाहावे. अवतरणचिन्हांतला शोध तो हाच, फक्त कागदावर आणि माणसाच्या हाताने केलेला. पश्चिमेकडे तेराव्या शतकात पॅरिसच्या मठात साधूंनी बायबलची शब्दसूची केली; आणि आमच्या काळात रोबेर्तो बुसा नावाच्या इटालियन पाद्र्याने संत थॉमस अक्वायनसच्या समग्र लेखनाची सूची करण्यासाठी १९४९ मध्ये थेट न्यूयॉर्कला जाऊन आयबीएम कंपनीच्या प्रमुखाचे दार ठोठावले. सुमारे तीस वर्षांनी, ५६ खंडांत, ते काम छापून पुरे झाले. संगणकाने ग्रंथ चाळण्याच्या विद्येची सुरुवात पुष्कळ जण तिथूनच मोजतात.

या सर्वांना एक गोष्ट कळली होती, असे मला वाटते. दुसऱ्याचा शब्द ही ठेव आहे. सोनाराकडे मोडायला दिलेला दागिना त्याने मोडावा. पण सांभाळायला दिलेला दागिना, जुन्या घडणीचा आहे म्हणून, परस्पर नवा करून परत देऊ नये. आपण मात्र रोज सकाळी काय करतो? तुकोबांच्या नावावर, विवेकानंदांच्या नावावर, नाहीतर एखाद्या लोकप्रिय लेखकाच्या नावावर कोणी धाडलेले गोड वाक्य न पाहता न विचारता दहा घरी पोचवतो. वाक्य चांगले असते, हेतूही चांगला असतो. पण जो बोलला नाही त्याच्या तोंडी ते घातलेले असते. आणि मेलेला माणूस 'मी असे म्हणालो नाही' असे सांगायला येऊ शकत नाही. त्याच्या वतीने ते काम आपणच केले पाहिजे. ते वाक्य अवतरणांत घालून एकदा शोधून पाहणे, एवढा साधा धर्म आज कोणालाही पाळता येतो. फक्त मघाचा धोका ध्यानात ठेवावा : सापडले नाही म्हणून धाडणाऱ्याला लबाड ठरवू नये. 'मला याचा आधार मिळाला नाही, तुम्हाला ठाऊक असल्यास सांगा,' एवढेच म्हणावे. तेवढेच खरे असते.

इथपर्यंत सारे सोपे आहे. पण दुसऱ्याचा शब्द जपणे वेगळे, आणि त्याच शब्दाने त्याला बांधणे वेगळे. खरा प्रश्न इथे सुरू होतो.

'ध'चा 'मा' ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनी 'धरावे' असे लिहिले होते आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, असे परंपरा सांगते. इतिहासाच्या अभ्यासकांनी या कथेवर शंका घेतल्या आहेत. ते काही असो, लोकांच्या मनात ती ठसली याला कारण आहे. एका अक्षराने प्राण जातो, हे भय त्या कथेत आहे. आजचे यंत्र त्या दिवशी असते, तर त्याने क्षणात दाखवले असते की, 'धरावे' आणि 'मारावे' हे जुळत नाहीत. पण मला त्या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका वाटतो. रामशास्त्र्यांनी राघोबादादांनाच दोषी मानले आणि या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले, हेही तीच परंपरा सांगते. म्हणजे 'मी तर धरावे एवढेच लिहिले होते' ही सबब तिथे पुरली नाही. लेखणीतून उतरलेले अक्षर एक होते, पण पुतण्यावर मारेकरी घालण्याचे पाऊल कोणाचे होते, हे न्यायाधीशाने पाहिले. अक्षर तपासणे ही चौकशीची पहिली पायरी आहे. तिथेच जो थांबतो तो कारकून. पुढे जातो तो न्यायाधीश.

आपल्या घरांत मात्र आता कारकुनीला ऊत यायची पाळी आली आहे. पूर्वी घरातले बोलणे वाऱ्यावर जाई. 'तू असे म्हणाली होतीस,' 'मी असे नव्हते म्हटले,' यावर दोन दिवस धुसफूस चाले आणि पुरावा नाही म्हणून विषय मिटे. आता निम्मे बोलणे मोबाईलवर लिहून होते, आणि लिहिलेले सापडते. पाच वर्षांपूर्वी रागाच्या भरात टाकलेला शब्द, पाच वर्षांपूर्वीच्याच धारेने, हवा तेव्हा बाहेर काढता येतो.

डोंबिवलीत माझ्या परिचयाचे एक कुटुंब आहे. दोघे भाऊ, वडील वारलेले. आई कोणाकडे राहावी यावरून दोघांत बोलाचाली झाली. थोरला म्हणे, 'दोघांनी मिळून सांभाळा' असे अण्णांनी घरच्या गटावर लिहिले होते. धाकटा म्हणे, छे, 'थोरल्याने सांभाळावे' असे लिहिले होते. दोघांनी आपापले शब्द मोबाईलला दिले. दोघांचेही सापडले नाहीत. दोघांनाही वाटले, दुसरा खोटे बोलतो आहे. अखेर धाकट्याची बायको हातात मोबाईल घेऊन मागे मागे वाचीत गेली. तासाभराने एक ओळ सापडली : 'दोघं आईकडं बघा.' अण्णा बोलत तसेच लिहीत. सांभाळा, राहावे, असली वळणे त्यांच्या लेखणीला नव्हती. थोरल्याचा अर्थ बरोबर होता, शब्द चुकले होते. धाकट्याच्या आठवणीतली ओळही अगदीच हवेतली नव्हती. अण्णांनी कधीतरी 'आईचं औषध थोरल्यानं आणावं' असे लिहिले होते, तेच त्याच्या मनात वाढून बसले होते. पण ती ओळ शोधताना मध्ये जे वाचावे लागले, ते दोघांनीही अपेक्षिले नव्हते. 'गाडी मिळाली का', 'पाऊस आहे, छत्री ने', 'पोचलास की कळव', अशी अण्णांची दोन वर्षे त्यातून सरकत गेली. त्यानंतर त्यांच्यातला वाद पुरता मिटला असे मी म्हणणार नाही. आईचे दिवस वाटून घेताना अजून कुरबुर होते. पण 'तू खोटे बोलतोस' हे वाक्य त्या घरातून गेले.

माणसाच्या आठवणीची घडण यंत्राच्या नेमकी उलट असते, हे या उदाहरणात दिसते. यंत्र शब्द ठेवते, अर्थ त्याला ठाऊक नसतो. माणूस अर्थ ठेवतो आणि शब्द हरवतो; मग अर्थाला शोभतील असे शब्द स्वतः पुरवतो आणि शपथेवर सांगतो की हेच ते. यात लबाडी नसते. किंबहुना संसार चालतो तो या हरवण्यावरच. नवराबायकोंनी एकमेकांचे सारे शब्द जागांच्या आकड्यांसकट जपून ठेवले असते, तर कोणत्या घरात लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा झाला असता?

यावर कोणी म्हणेल, 'हे सगळे ठीक. पण शब्द विसरा, अर्थ पाहा, असे सांगणे कोणाच्या सोयीचे? ज्याने शब्द दिला आणि पाळला नाही त्याच्याच ना?' हा आक्षेप जोरकस आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कल्याण-डोंबिवलीत ज्याने आयुष्याची पुंजी घालून घर घेतले त्याला विचारा. जाहिरातीतल्या क्षेत्रफळात जिन्याचा आणि गच्चीचा वाटा धरला जाई, आणि चाव्या हाती आल्यावर पलंग ठेवून कपाट बसेना. २०१६च्या कायद्याने 'चटई क्षेत्र' म्हणजे काय याची व्याख्या केली, आणि त्याच शब्दांत हिशेब देणे बंधनकारक झाले. अशा ग्राहकाला 'शब्दावर काय जाता, आमचा हेतू पाहा' असे सांगणे ही थट्टा आहे. त्याच्यापाशी सत्ता नाही, ओळखी नाहीत. करारातला नेमका शब्द हीच त्याची काठी आहे. नोकराला मालकाचा शब्द, प्रजेला सरकारचा शब्द, पोराला बापाने दिलेला शब्द तंतोतंत धरून ठेवण्याचा हक्क आहे. तिथे शब्दावर बोट ठेवणारा कद्रू नसतो.

तेव्हा आरंभीच्या कोड्याचे उत्तर मला असे दिसते. शब्दाचा पक्केपणा हा मुळात आपल्या स्वतःच्या शब्दाबाबत ठेवायचा गुण आहे. मी जे देईन म्हणालो ते मी अक्षरशः द्यावे. 'माझ्या म्हणण्याचा तसा अर्थ नव्हता' ही पळवाट मी स्वतःला ठेवू नये. दुसऱ्याचे बोलणे पुढे सांगताना ती ठेव म्हणून जशीच्या तशी पोचवावी. माझ्याहून बलवान असलेल्याने मला शब्द दिला असेल, तर तो बेलाशक त्याच्यापुढे धरावा. पण जिथे दुसरा माझ्या बरोबरीचा वा माझ्याहून दुबळा आहे, माझ्या घरचा आहे, आणि तो बोलून गेला आहे, तिथे मी आधी विचारावे : याला म्हणायचे काय होते? शब्दात पकडणारा आपल्याला आवडत नाही, तो शब्द मोजतो म्हणून नव्हे. स्वतःच्या बाबतीत अर्थाची सवलत घेतो आणि दुसऱ्याला मात्र शब्दांची बेडी घालतो, म्हणून. माप एकच असते, तर तक्रार कोणी केली असती?

यंत्र या दोषातून मुक्त आहे. त्याला स्वतःचा शब्दच नाही. त्याने कोणाला वचन दिलेले नाही आणि कोणी त्याचे मन दुखावलेले नाही. ते सर्वांना एकाच मापाने मोजते. म्हणून त्याच्याकडून जागा विचारून घ्यावी, आधार विचारून घ्यावा. तेवढ्यापुरते त्याच्यासारखे प्रामाणिक साक्षीदार थोडे. पण साक्ष झाल्यावर निवाडा करायचा तो आपणच. तो त्याच्याकडे सोपवला, तर त्यात न्याय नसेल. नुसती जुळवाजुळव असेल.

दिवाळीच्या फराळाला सगळी मंडळी एकत्र जमतील. ठाण्याची आत्या येईल, कल्याणचे काका येतील, आणि चकलीबरोबर जुन्या गोष्टीही निघतील : कोण कोणाला काय म्हणाले होते, आणि कोणत्या लग्नात. एखाद्याचा हात सवयीने खिशाकडे जाईल. तो हात अडवावा असे मी म्हणत नाही; पाहावे हवे तर. फक्त सापडलेली ओळ वाचून दाखवण्याआधी तिच्या मागची चार आणि पुढची चार वाचावी. काका तेव्हा तसे का बोलले होते, हे बहुधा तिथे लिहिलेले असते.